टाकीतलं औषध

१२ जानेवारी

ही डायरी पोरीने दिली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिथे औषधवाले नवीन वर्षाच्या डायऱ्या वाटत फिरतात. प्रत्येक पानाखाली पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. "बाबा, प्रयोग करताय ना, मग लिहून ठेवा," म्हणाली. "काय केलं, कसं केलं, सगळं. नाहीतर तुमचं तुम्हालाच आठवणार नाही." मी म्हटलं, मला सगळं आठवतं. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुणाची ते सांगतो मी. तरी डायरी ठेवून घेतली. फुकट आलेली वस्तू परत करायची आमच्या घरात पद्धत नाही.

तर सुरुवात. डिझेलच्या टाकीत घालायचं औषध मी तयार केलं आहे. गाडीच्या इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर काजळी धरली की मी ते काढून एका मिश्रणात भिजत ठेवतो. थिनर आणि आणखी दोन-तीन गोष्टी. निघतं तेव्हा नवंकोरं दिसतं. एकदा मनात आलं, काढायचंच कशाला? मिश्रण पातळ करून टाकीतच घातलं तर डिझेलबरोबर जाऊन आतल्या आत साफ करेल. डिझेल पुरतं जळेल, धूर कमी होईल, ॲव्हरेज वाढेल. बाजारात असल्या बाटल्या आहेत, पण त्या चकचकीत गाड्यांसाठी. आपल्या खटाऱ्यांना झेपेल अशी कुणी केलेली नाही. नाव ठेवलंय 'जोम'. ही म्हणाली, लहान मुलांच्या टॉनिकसारखं वाटतं. हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खुपतंच.

आज एक गाडीवाला, माझ्या पोरीपेक्षा लहान, गॅरेजच्या दारातूनच ओरडला, "ए मिस्त्री, लवकर आटप." मी खड्ड्यात उभा, डोक्यावर त्याच्या गाडीचं ऑइल ठिबकतंय. केस पांढरे झाले तरी मी 'ए मिस्त्री'च. पुरे झालं हे.

१९ जानेवारी

पहिली गाडी दादाची. दुसऱ्या कुणाची घेणार? वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि मला या धंद्याला लावलं. आता त्याची स्वतःची जुनी बस आहे, कारखान्याच्या कामगारांची ने-आण करतो. मी औषधाचं सांगितलं तर त्याने बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "तू म्हणतोस तर घालू," म्हणाला.

पण मी असा अर्धवट काम करणारा माणूस नाही. औषध घालण्याआधी गाडी औषधाच्या लायक करावी लागते. घाणेरड्या भांड्यात कुणी दूध ओततं का? दोन दिवस बस गॅरेजमध्ये ठेवून घेतली. एअर फिल्टर धुळीने बुजलेला होता, तो बदलला. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटत होता, म्हणजे दादा इतके दिवस ब्रेक लावूनच गाडी ओढत होता. तो सोडवला. नोझल सेट केले, टॅपेट लावले, सगळ्या टायरांत हवा मापाने भरली, चाकं सरळ केली. मग दादाला जोमचे कॅन दिले. झाकणाला माझ्या हाताची लाल चिकटपट्टी. सांगितलं, दर वेळी टाकी फुल केलीस की एक झाकण ओतायचं, विसरायचं नाही.

३ फेब्रुवारी

वाढलं! लिटरला पाचाच्याही खाली गेलेली बस साडेपाचाच्या वर आली. दादाने स्वतः येऊन सांगितलं, आणि दादा आकड्यात कधी लबाडी करत नाही, स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा नाही. "धूर?" मी विचारलं. "धूर नाही. गाडी हलकी झाल्यासारखी वाटते." "आणि औषध दर वेळी घालतोस ना?" तो टायरकडे बघत म्हणाला, "गाडी छान चाललीय रे." मग माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेला. दादाला कौतुक करायला कधी जमलं नाही, पण मला कळलं.

आज मी फार खूश आहे. इतका की हिच्यासाठी गजरा घेऊन आलो. तिने विचारलं, काय बिघडलंय?

१४ फेब्रुवारी

टॅक्सीवाला, भाजीचा टेम्पोवाला, दुधाच्या गाडीवाला. तिघांच्याही गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं. टेम्पोवाला आधी कुरकुरला, "एक झाकण ओतायला दोन दिवस गाडी कशाला पाहिजे?" त्याला काय सांगणार? त्याच्या टायरांत हवा इतकी कमी होती की पिशवीतल्या भाजीचं वजनही त्यांना सोसत नव्हतं. मी ती तयारी करतो म्हणून जोमला काम करता येतं. पण तयारीचे पैसे मी मागत नाही. तो माझा औषधाप्रती धर्म आहे.

१९ फेब्रुवारी

पोरीशी भांडण. जेवताना म्हणाली, "बाबा, एक करून बघा. दोन गाड्या घ्या, दोन्ही सारख्याच तयार करा, पण एकीत औषध घाला, दुसरीत नुसतं रंगवलेलं डिझेल. कुठलं कशात हे तुम्हालाही माहीत नको. नवीन गोळी अशीच तपासतात. निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी."

मी म्हटलं, "माझी गिऱ्हाइकं म्हणजे उंदीर नव्हेत. लोक विश्वासाने येतात आणि मी त्यांना रंगाचं पाणी देऊ?"

"तसं नाही हो. ॲव्हरेज कशामुळे वाढतंय ते कळायला नको का?"

"मला कळतंय. तुला गाडीतलं काय कळतं? तुला पंक्चरवाला आणि वायरमन यातला फरक कळत नाही."

ताटावरून उठून गेली. शिकवलं मी, खड्ड्यात उभं राहून, आणि शिकून आली ती बापाची परीक्षा घ्यायला. अंगाचा तिळपापड झाला होता.

८ मार्च

अत्तरवाला आज पुन्हा आला. हा गाड्यांत टांगायच्या सुगंधी बाटल्या, सीटकव्हरं असलं सामान दुकानोदुकानी पुरवतो. तो येण्याआधी त्याचा वास येतो, म्हणून हे नाव. दादाच्या बसची बातमी त्याच्या कानावर गेली आहे. म्हणाला, "साहेब, ही वस्तू गॅरेजच्या फळीवर ठेवायची नाही. मोठ्या प्रमाणावर करू. तुम्ही बनवा, मी दुकानांत पोहोचवतो. पण मग तुम्हाला पाने-हातोडे सोडावे लागतील. एका माणसाची दोन कामं होत नाहीत."

साहेब. त्याने हा शब्द सहज वापरला, टोमणा नाही, थट्टा नाही. मी हात पुसले आणि त्याला खुर्ची दिली.

१५ मार्च

शेजारचा टाइल्सवाला बरीच वर्षं आमच्या गॅरेजच्या जागेवर डोळा ठेवून आहे. त्याला जागा दिली की त्या पैशांत जोमसाठी दुसरीकडे शेड आणि पिंपं होतात. ही म्हणाली, "अहो, गॅरेज असू द्या ना एका बाजूला. अडीअडचणीला बरं." मी म्हटलं, अडचण येईल असं धरून चालणाऱ्यांनाच अडचण येते. मग तिने जोरजोरात भांडी घासायला घेतली.

१७ मार्च

दादाकडे गेलो. म्हटलं, हे ठरवण्याआधी त्याला सांगायलाच हवं. सगळं त्याच्या गाडीवर उभं आहे. "दादा, गॅरेज मोडतोय. जागा टाइल्सवाल्याला, अवजारं विकणार. आता पूर्ण वेळ जोम. तुझं काय म्हणणं?"

दादाने माझ्यासमोर खुर्ची सरकवली. मग म्हणाला, "गॅरेज मोडायलाच पाहिजे का?"

"झालं, तूही हिच्यासारखंच. तुझ्या गाडीचं ॲव्हरेज वाढलं की नाही? हो का नाही, तेवढं सांग."

"वाढलं. ते खरं आहे."

"मग संपलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, मी काय म्हणते," असं त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "तू चहा टाक जा." त्या गेल्या नाहीत, नुसत्या दादाकडे बघत राहिल्या. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मी चहा न घेताच उठलो. फाटकापर्यंत दादा माझ्या मागे आला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण "सांभाळून जा" एवढंच म्हणाला.

११ एप्रिल

गॅरेज रिकामं केलं. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं गेलं. नोझल तपासायचं यंत्र रस्त्यापलीकडच्या मिस्त्रीने घेतलं. हा पलीकडचा म्हणजे ब्रेक लाथेने सेट करणारा माणूस. यंत्र उचलताना म्हणाला, "हे तुमच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही, मी नुसतं ठेवणार आहे." मी म्हटलं, ठेवा, शोभेला होईल.

लाकडी फळ्या टाकून खड्डा झाकला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. फक्त घरी येऊन सवयीने हात रॉकेलने धुवायला गेलो, आणि हात स्वच्छच होते. तेव्हा जरा कसंतरी झालं.

६ मे

अत्तरवाल्याचा माणूस रोज पेट्या उचलतो. लेबलावर लिहिलंय, 'फक्त एक झाकण, जास्तीचा पल्ला'. दुकानदार मला साहेब म्हणतात. शेडमध्ये दिवसभर मिश्रणाचा वास असतो, डोकं जड होतं, पण बसून काम करतो. गुडघे दुखायचे थांबले. पोरगी अजून मोजकंच बोलते.

९ जून

तक्रारी. आज चार दुकानदारांनी पेट्या परत पाठवल्या. गिऱ्हाइकं म्हणतात, काहीच फरक नाही. फरक कसा पडेल? लोकांना गाडी चालवता येत नाही. गिअर कधी टाकावा कळत नाही, भेसळीचं डिझेल भरतात, आणि दोष माझ्या जोमला. माझ्या गॅरेजमध्ये जोम घातलेली एक गाडी दाखवा जी वाढली नाही. तेच औषध, तोच हात, तीच पिंपं. मग आता काय झालं? लोकच खराब.

अत्तरवाल्याने आज फोनवर साहेब म्हटलं नाही.

२२ जून

एका व्हॅनवाल्याने डिझेलची रबरी नळी आणून माझ्या टेबलावर टाकली. फुगून मऊ झालेली, बोट दाबलं तर आत जाईल अशी. म्हणतो, तुमच्या औषधाने खाल्ली. रस्त्यात गाडी बंद पडली, नशीब की आग लागली नाही. मी त्याला सांगितलं, नळीच हलकी होती. तो गेल्यावर ती नळी मी बराच वेळ हातात धरून बसलो. हलकी नव्हती.

त्यातच दादाचा निरोप, त्याच्याही बसचं ॲव्हरेज उतरलंय, पुन्हा पहिल्यावर आलंय. नक्की झाकण ओतायला आळस करत असणार. घरच्यांनीच असं केलं तर बाहेरच्यांना काय बोलायचं.

१३ जुलै

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण पोरीने सांगितलंय, सगळं लिहायचं.

दादाच्या बसची क्लच प्लेट गेली. माझं गॅरेज नाही, म्हणून बस पलीकडच्याकडे नेली. त्याचा निरोप आला, "मिस्त्री, येऊन जा. गिअरबॉक्स उतरवायला मागचं सामान काढलं. तुमचं काहीतरी आहे." गेलो. शेवटच्या सीटखाली, गोणपाटाखाली, जोमचे कॅन ओळीने ठेवलेले. मी दादाला दिलेले सगळे. लाल चिकटपट्टी जशीच्या तशी. एक सोडून बाकी कुठलाही उघडलेला नाही.

पलीकडचा मुद्दाम दुसरीकडे बघत पाना पुसत राहिला. ते त्याने चांगलं केलं.

तिथूनच दादाकडे गेलो. तो अंगणात बसला होता. मी कॅन त्याच्या पायाशी ठेवला.

"एकदाही घातलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"पहिल्याच दिवशी थोडं वाटीत काढून त्यात रबरी वॉशर टाकून ठेवला होता. सकाळी बघतो तर चहात भिजलेल्या बिस्किटासारखा. माझ्या गाडीत रोज माणसं बसतात रे. कसं घालणार?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतका खूश होतास. मी तुला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, दोन-चार गाड्यांत घालशील आणि सोडून देशील."

"मी विचारायला आलो होतो, दादा. गॅरेज मोडण्याआधी. इथेच."

"विचारायला नव्हता आलास. सांगायला आला होतास."

"म्हणून तू मला बुडू दिलंस? एक शब्द, दादा. एकच शब्द बोलला असतास."

वहिनी मागून म्हणाल्या, "मी रोज सांगत होते ह्यांना." दादा मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "आकडे मात्र खरे होते. एकही फुगवून सांगितला नाही. वाटलं, आकडे बघून तुझं तुलाच कळेल."

"काय कळेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "जाऊ दे," म्हणाला.

जाऊ कसं देणार? एक थेंब घातला नाही तर ॲव्हरेज वाढलं कशाने? घरी येईपर्यंत डोकं चालवलं, तेव्हा उलगडलं. दादा माझ्यासाठी गाडी जपून चालवत होता. हळू, एकसारखी, धाकट्याचं मन राखायला. म्हणजे माझं पहिलं यश, ज्याच्या जोरावर मी गॅरेज मोडलं, ती दादाने घातलेली भीक होती. लहानपणी तो स्वतःच्या पानातला वाटा माझ्या पानात सरकवायचा आणि मला भूक नाही म्हणायचा, तसंच हे. तेव्हा गोड लागायचं. आज लाज वाटते आणि चीड येते, दोन्ही एकदम.

त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

२ ऑगस्ट

अत्तरवाल्याने पिंपं न्यायला टेम्पो पाठवला. थिनर त्याच्या दुसऱ्या कामाला येईल म्हणे. शेडची जागा सोडली. हिने आज भांडीही हळूच घासली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट

गेल्या आठवड्यात पोरीने ताट वाढताना विषय काढला. "बाबा, आता तरी तो प्रयोग करा. आता गमवायचं काय आहे?"

खरंय, काहीच नाही. आणि माझ्या मनात अजून एक आशा आहे. दादाने औषध घातलंच नाही म्हणजे औषधाची परीक्षा झालीच नाही. टॅक्सी, टेम्पो, दुधाची गाडी, ती माणसं थोडीच माझं मन राखायला हळू चालवत होती? जोममध्ये दम होता. नळीचं बघता आलं असतं, चांगलं रबर वापरून.

पोरीनेच सगळं जुळवलं. दादाची बस आणि तिच्याच जोडीची, त्याच थांब्यावरची दुसरी बस. दुसऱ्या मालकाला नळीचं सगळं सांगून, नळी बदलून देण्याच्या बोलीवर. पलीकडच्याने सुट्टीच्या दिवशी त्याचा खड्डा दिला. दोन कॅन, सारख्याच रंगाचे, कुठलं कशात ते फक्त तिला माहीत. दादा बस ठेवून बाजूला उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता खड्ड्यात उतरलो.

पलीकडच्याच्या पान्यांनी काम करावं लागलं. पोरीची अट, दोन्ही बसना सगळं सारखंच करायचं, एकीचे लाड नाहीत. दादाच्या बसचा तोच मागचा डावा ब्रेक पुन्हा चिकटलेला. दुसऱ्या बसची चाकं तर इतकी वाकडी की टायर एका बाजूने खाल्ले होते. ते नोझलचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं, पुसून चालू केलं. पहिल्याच दाबाला फवारा नीट आला. खाली उतरलो की वेळ कळत नाही. ही डबा घेऊन आली तेव्हा लक्षात आलं की जेवायची वेळ टळून गेली होती. गुडघे परत दुखायला लागलेत.

१९ ऑगस्ट

निकाल लागला. दादाच्या कॅनमध्ये नुसतं रंगवलेलं डिझेल होतं, दुसऱ्या बसमध्ये खरं जोम. आणि फरक शून्य. पोरीने आकडे दोनदा पडताळले. दोन्ही बस अगदी बरोबरीत.

म्हणजे संपलं. औषधात काही नव्हतं. टॅक्सी, टेम्पो, सगळं काय होतं कोण जाणे. मी रंगाचं पाणी विकलं, वर लोकांच्या नळ्या खराब केल्या, आणि त्यासाठी उभं गॅरेज मोडलं.

पोरगी म्हणाली, "पण बाबा, दोन्ही गाड्या वाढल्या. बघा ना. आधीपेक्षा दोन्ही कितीतरी वाढल्या."

मी म्हटलं, "वाढणारच. नीट सर्व्हिसिंग केलं की कुठलीही गाडी वाढते. ते कुणीही मिस्त्री करतो. मी औषधाचं विचारतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी अंगणात दादा बघत होता तसंच. तिचे डोळे भरले होते, का ते कळलं नाही. हरलो मी, रडते ती. मग तिने आकड्यांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

येताना जुन्या गॅरेजवरून आलो. टाइल्सवाल्याने खड्डा विटा-मातीचा राडारोडा टाकून बुजवलाय आणि वरून पांढऱ्या फरश्या बसवल्या आहेत. काम चांगलं केलंय, कुठे खड्डा होता ते ओळखूसुद्धा येत नाही. दारात एक गाडीवाला थांबून विचारत होता, "इथे एक मिस्त्री होता ना?" टाइल्सवाला म्हणाला, "होता. आता नाही." मी तिथेच उभा होतो.

डायरी इथेच थांबवतो. बरीच पानं कोरी आहेत. हिला हिशेबाला होतील.